दुसऱ्या गिअरमधली पिटुकली

नांदुरीचा घाट उतरताना पुढच्या एसटीच्या तापलेल्या ब्रेकचा वास आत आला आणि माझे हात स्टिअरिंगवर गार पडले. करपट, नाकात चिकटून बसणारा वास. माणसं फुलांच्या वासाने हळवी होतात म्हणे. माझ्या नशिबी हा.

हा वास मला थेट थोरल्या जाऊबाईंपाशी नेतो. दीर गेल्यावर त्या आमच्याकडेच कॉलेज रोडला राहायला आल्या. साठी उलटलेली ही बाई दुपारची झाकपाक झाली की टीव्हीसमोर बसे आणि माझ्या लेकीने मागे ठेवलेला गाड्यांचा गेम खेळे. शर्यत गेली खड्ड्यात, त्यातला मोकळा मुलूख त्यांना आवडे. डोंगर, गावं, समुद्र, वाटेल तिकडे गाडी घाला. लांबलचक, महागड्या गाड्या सोडून त्यांनी निवडली होती एक जपानी पिटुकली, काडेपेटीएवढी. तिकडे अशांना केई म्हणतात. इंजिन आमच्या जुन्या आठशे सीसीच्या गाडीहूनही लहान, पण मिजास केवढी. "हिच्यात ताकद नाही गं, म्हणून हिला खालच्या गिअरमध्ये ओरडतच ठेवायची," म्हणत त्या घाट चढत, आणि ते किंचाळणं स्वयंपाकघरात ऐकू येऊ नये म्हणून मी नळ मोठा सोडी. मी जात्याच भित्री. पडद्यावरची दरी आली तरी डोळे मिटून घेई. "अगं, पडले तर मागे घेता येतं," त्या हसत. खरंच तसं बटण होतं. दाबलं की गाडी दरीतून उलटी वर येई.

मग एका हिवाळ्यात गडावर देवीची ओटी भरून आम्ही दोघी आठशेने हाच घाट उतरत होतो. गाडी त्याच चालवत होत्या. गेममध्ये ब्रेक कधी तापत नाहीत. त्या सवयीने त्यांनी वरपासून ब्रेकवर पाय ठेवलेला. तो वास आला. मी म्हटलं, "वहिनी, काहीतरी जळतंय." त्यांनी पाय दाबला, तर पेडल चिखलात रुतावं तसं खाली गेलं आणि गाडी काही थांबेना. समोर वळण, कठड्यापलीकडे नुसतं आभाळ. मागे घ्यायचं बटण कुठेच नव्हतं. मी देवीचं नाव घ्यायचंही विसरले. प्रसादाचा नारळ तेवढा छातीशी धरला.

जाऊबाईंनी गिअर ओढला, तिसऱ्यातून दुसऱ्यात. आमची म्हातारी आठशे थेट त्या पिटुकलीच्या आवाजात किंचाळली. ज्या आवाजाचा मला एवढा तिटकारा, तोच आम्हाला मागे ओढून धरत होता. वळण पार झालं, आणि गाडी रांगत रांगत डोंगराकडच्या मातीला टेकली. कितीतरी वेळ आम्ही उतरलोच नाही. इंजिन बंद केल्यावरही त्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही. त्यांना घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. घरी कुणाला सांगायचं नाही, एवढंच ठरलं.

गेम काही त्यांनी सोडला नाही. फक्त उतार आला की पिटुकली दुसऱ्यात टाकून मला हाक मारत, "बघ गं, वास येतोय का?" पडद्याला कसला आलाय वास. तरी मी पदराला हात पुसत येई, खरोखर हुंगे आणि सांगे, "नाही वहिनी, उतरा."

मागच्या वर्षी त्या गेल्या. दुपारच्या निजल्या त्या उठल्याच नाहीत. मला हाक मारायला त्यांना सवडच मिळाली नाही. यांची नजर अधू झाल्यापासून गाडी मलाच चालवावी लागते. वयाबरोबर भीती जाते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ती आपल्याबरोबरच म्हातारी होते, आणि सोबतीची माणसं मात्र तिच्याआधी जातात.

एसटी वळणाआड गेली. वास मात्र रेंगाळला. तिचा की माझ्याच चाकांचा, कळेना. शेजारची सीट रिकामी होती. मी दुसरा गिअर टाकला, गाडी ओरडू लागली, आणि मी मोठ्याने म्हटलं, "येतोय, वहिनी."