मुंबईहून ठरलेली मतं

नकाशावर आमचा लोकसभा मतदारसंघ मालवणच्या किनाऱ्यावर होता. प्रत्यक्षात तो परळचं एक उपनगर होता. गावातले धडधाकट पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत नाहीतर बोटीवर. मतदार म्हणून गावात उरायच्या त्या बायका आणि म्हातारे. त्यांनी कुणाला मत द्यायचं हे परळच्या एका चाळीत, आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत, चहा संपायच्या आत ठरे. बैठकीतल्या निम्म्या लोकांना गावची विहीर आटली की नाही हेही माहीत नसे. मला माहीत असे, आणि मी चहा पीत असे.

सत्तावन्नच्या निवडणुकीत मंडळाने मला गावी पाठवलं. मी गिरणीत कारकून, चार माणसांत बोलू शकणारा, म्हणून. आमच्या उमेदवाराचं वचन एकच होतं, खाडीवर पूल. गावातली शाळा चौथीपर्यंत, पुढची खाडीपलीकडे. पावसाळ्यात होडी बंद, म्हणजे शाळाही बंद. मुलगे शिकायला मुंबईला जात, मुली घरी बसत. खासदार पूल बांधत नसतो, हे उमेदवाराला ठाऊक होतं आणि मलाही. तरी सभेत मी पुलाला कमानी किती असतील तेही सांगून टाकलं.

थोरला भाऊ बोटीवर, त्यामुळे घर वयनी सांभाळायची. तिची मुलगी तेव्हा चौथीत होती, आणि तिने पुढे शिकावं एवढा एकच ध्यास वयनीला होता. विरोधी उमेदवार, एक म्हातारे वकील, चालत आमच्या अंगणात आले तेव्हा तिने त्यांना पुलाचं विचारलं.

"पूल माझ्या हातात नाय गो बाय," ते म्हणाले. "खोटा कित्याक सांगू? पावसात होडी चालू ऱ्हवात, येवढ्यासाठी भांडान."

ते गेल्यावर वयनी मला म्हणाली, "भावजी, आजवर जो इलो तो पूल घेवन इलो. नाय म्हणणारो ह्योच पयलो. माझा मत तेका."

असं होणार हे मंडळाने धरलेलंच होतं. त्यावरचा उपाय मी मुंबईहून घेऊन आलो होतो. ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवायचा, पुजाऱ्याने गावाच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घालायचं आणि घराघरातल्या बाईने नारळावर हात ठेवून आमच्या उमेदवाराची शपथ घ्यायची. लोकशाहीवर आमचा विश्वास एवढाच होता. वयनीने हात ठेवला, कारण सगळ्या गावादेखत मीच तिचं नाव पुकारलं. देवीपुढे दिलेला शब्द ती मोडणार नव्हती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे; तिने मन मारून आमच्या पेटीत मत टाकलं.

आमचा माणूस निवडून आला. हार घालून घ्यायला तो चाळीत आला, गावात कधीच नाही. पुतणी चौथी पास झाली आणि घरी बसली. त्याच वर्षी मी तिच्या भावाला शिकायला मुंबईला घेऊन आलो.

बासष्टला मंडळाने तोच उमेदवार दिला, तोच पूल दिला आणि मलाच पाठवलं. देवळात नारळ मांडला. पुजारी गाऱ्हाणं सुरू करणार तोच वयनी पुढे आली.

"भावजी, मागच्या टायमाक हयच आमचे हात ठेवन घेतलात. तेचा काय झाला, ता पयला देवीक सांगा."

"देवीला सगळं माहीत असतं, वयनी," मी पुस्तकी मराठीत म्हणालो. अडचणीत सापडलो की मी तसंच बोलतो.

"देवी चाळीत ऱ्हवणा नाय रे बाबा," मागून एक म्हातारी म्हणाली. "तिका कसा कळतला? सांग तू."

बायका हसल्या. पुजारीही माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी नारळ उगाच सरळ केला. थोड्या वेळाने बायका नारळाला न शिवता घरी गेल्या. आमच्या गावातली मतं म्हाताऱ्या वकिलांना पडली. मतदारसंघात मात्र आमचाच माणूस आला, कारण बाकीच्या गावांतल्या नारळांनी काम चोख केलं होतं.

निघायच्या दिवशी मी वयनीला म्हणालो, "पुलाचं मी पुन्हा बोलतो मंडळात."

ती तांदूळ पाखडत होती. "पूल ऱ्हवांदे, भावजी. माझ्या झिलाक तुमी आपल्या खोलयेर घेवन गेलात. तेच्या बाजूक चेडवाक निजाक जागा नाय होती?"

माझ्या खोलीत मुलीलाही जागा होती. माझी बायको होती, दोन मुलं होती, समोरच मुलींची शाळा होती. पाच वर्षं मी एका खासदाराने खाडी ओलांडायची वाट पाहिली. मुलीला बोटीत बसवून आणावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

"या जूनला नेतो तिला," मी म्हणालो.

"आता नको. चेडवाचा लगीन ठरला."

परळला मंडळाने आमच्या गावातल्या पराभवाची चौकशी केली. आपल्याच गावाने दगा कसा दिला, असं अध्यक्षांनी मला विचारलं. पुलामुळे, मी म्हणालो. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या आणि पुढच्या वेळी कमानी वाढवून सांगायचं ठरलं. खोलीबद्दल मी काही बोललो नाही.