चैत्रातला हीटर

त्या वर्षी मी देवीशी बोलणं टाकलं होतं. सप्तशृंगी आमची कुलस्वामिनी. माझ्या मुलीची, सुमनची, दोन बाळं पोटातच गेली, आणि दोन्ही वेळा मी गडावर जाऊन ओटी भरून आले होते. तिसऱ्या खेपेला मी ओटी भरली नाही, नवसही बोलले नाही. देऊन ऐकत नसेल तर न देऊन काय बिघडणार, असा माझा हिशेब. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण एवढा हिशेब मला येतो.

सुमनचं सासर कळवणच्या पलीकडे. जावई नोकरीसाठी परगावी, म्हणून मी आणि आमचे हे, दोघं तिला बाळंतपणाला घरी आणायला आमची जुनी गाडी घेऊन गेलो. आम्ही नाशिक रोडला राहायचो. हे एकलहऱ्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते, नुकतेच निवृत्त झालेले. सुमनचे दिवस भरायला अजून अवकाश होता, पण निघायच्या सकाळीच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ लहान आहे. काचेची पेटी लागेल, ती इथं नाही. सरळ नाशिक गाठा, मध्ये थांबू नका." सुमन मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि आम्ही निघालो.

नांदुरीपर्यंत गाडी चांगली पळाली. नांदुरी म्हणजे गडाचा पायथा. चैत्रातली यात्रा होती, खानदेशातून पायी आलेल्या माणसांनी रस्ता भरून गेला होता. गाडी मुंगीच्या चालीनं सरकू लागली. थोड्या वेळानं हे म्हणाले, "काटा चढतोय." बघता बघता इंजिनाच्या तापाचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली. त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

मी पाण्याची बाटली घेऊन उतरले, तर हे माझ्यावरच ओरडले. "झाकणाला हात लावू नको! तोंड सोलून निघेल." बॉयलरवरच्या माणसाला वाफेचं भय आपल्यापेक्षा जास्त. इंजिन निवल्यावर त्यांनी फडकं धरून हळूहळू रेडिएटरचं झाकण सोडलं. पाणी जरासं कमी होतं, ते भरलं. खाली वाकून पाहिलं, गळती कुठं नाही. पट्टा घट्ट. "सगळं जागेवर आहे, मग तापते कशाला?" असं ते स्वतःशीच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. जन्मभर भट्ट्या सांभाळलेला माणूस एवढ्याशा इंजिनापुढे अडला, तेव्हा माझं अवसान गेलं. आत सुमन कण्हत होती.

समोर गड. उन्हाच्या झळांमध्ये तो सगळा डोंगर हलत होता, पाण्यात पाहावा तसा. देवीशी टाकलेलं बोलणं मला उचलावं लागलं. हात मात्र जोडले नाहीत. म्हणाले, "अठरा हात आहेत ना तुला? त्यातला एकही रिकामा नाही?"

"कोनासंगे बोली ऱ्हायनी, माय?" शेजारून आवाज आला. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक अनवाणी बाई उभी होती. उभी कसली, एक पाय टेकवायची, दुसरा उचलायची.

मी करवादून म्हणाले, "तुला काय करायचंय? आणि नाचतेस कशाला?"

ती हसली. "नाचत नई माय. उभं ऱ्हायनं का पाय भाजतस. चालत ऱ्हायनं का वारा लागस, मंग काही नई."

बॉनेटमध्ये वाकलेले हे झटकन वर आले. "ताई, पुन्हा बोला."

"काय बोलू दादा? उभं ऱ्हायनं का तापस."

यांनी कपाळावर हात मारून घेतला. "पंखा! मोकळ्या रस्त्याला वारा लागत होता, म्हणून काटा खाली होता. गर्दीत थांबलो की चढतो. इंजिनाला वारा घालणारा पंखा फिरतच नाही." लगेच बॅटरीवरून वायर थेट जोडून पाहिली. पातं हललं नाही. मोटर जळाली होती. "आता उभं राहायचं नाही, एवढाच उपाय," ते म्हणाले. पण पुढं तर गर्दीच गर्दी.

त्या बाईनं काचेतून सुमनकडे पाहिलं आणि वळून मोठ्यानं हाक मारली, "अरे या रे! पोटुशी बाई शे गाडीम्हा!"

माणसं आली. पुढच्यांनी वाट केली, मागच्यांनी गाडीला हात लावले. इंजिन बंद, गाडीचा आवाज नाही, आणि तरी आम्ही चाललो होतो. मागच्या काचेवर नुसते तळवे दिसत होते. गोंदलेले, हिरव्या बांगड्यांचे, भेगा पडलेले, एकाला शेंदूर लागलेला. तोंडं दिसत नव्हती. नावेत बसल्यासारखं वाटत होतं. ते हात मी मोजले नाहीत. मोजावेत असं सुचलंसुद्धा नाही.

गर्दी संपल्यावर यांनी इंजिन चालू केलं आणि हीटरचं बटण फिरवलं. मी म्हणाले, "डोकं फिरलंय का? चैत्रात हीटर?"

"इंजिनाची आग कुठंतरी काढावी लागते गं. बाहेर निघत नाही, तर थोडी आपण घेऊ."

काचा उघड्या, बाहेरून झळा, आतून भट्टीचा वारा. ओला पदर सुमनच्या कपाळावर ठेवावा, तर क्षणात वाळायचा. वणी मागं पडली, दिंडोरी मागं पडली, आणि मला झोपेसारखं काहीतरी लागलं. डोळे उघडेच होते. आपणच अनवाणी चाललो आहोत, तळवे टेकतात न टेकतात तोच उचलले जातात, आजूबाजूला हजार पावलांचा आवाज आहे, कापराचा वास आहे, असं वाटत राहिलं. एरवी मी देवीला म्हणायचे, माझा ताप घालव. त्या वेळी तसं काही मनात आलं नाही. आग अंगावर येत होती आणि मी ती घेत होते. मागणं संपलं होतं.

नाशिकच्या नाक्यावर काटा पुन्हा चढला, पण दवाखान्याच्या दारापर्यंत गाडीनं नेलं. मुलगी झाली, तळहाताएवढी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. जगली. आता शाळेत जाते आणि मला उलट उत्तरं देते.

ती बाई देवी होती, असं मी म्हणत नाही. देवीचे पाय कशाला भाजतील? आणि हातांनी ढकललेल्या गाडीला चमत्कार म्हणायचा की नाही, ते शिकलेल्यांनी ठरवावं. मला एवढंच कळलं, की मी एक हात मागितला होता आणि मोजता येणार नाहीत इतके आले.

पुढच्या चैत्रात ओटी घेऊन गडावर निघाले. नांदुरीला चपला काढल्या. डांबरावर पाय असे भाजले, की मीही नाचू लागले. त्या बाईला गर्दीत शोधत होते, ती काही दिसली नाही. एक जीप मात्र रस्त्यात बंद पडली होती आणि चार माणसं तिला रेटत होती. त्यातला एकजण ओरडला, "आजी, बाजूला व्हा!"

मी ओटीची पिशवी काखेला मारली आणि जीपला हात लावला.