आट्यांचे दांडे

मोटारीच्या पुढच्या आसाला दोन बाजूंनी दोन लोखंडी दांडे असतात. दांड्याचं एक टोक आसाला, दुसरं मागं सांगाड्याला. चाकांनी जागा सोडू नये म्हणून ते आसाला धरून ठेवतात. हे मला लग्नाआधी माहीत असायचं कारण नव्हतं. माझ्या माहेरी मोटार फक्त लांबून धूळ उडवत जाताना दिसायची. पण लढाईच्या दिवसांत बेलापुरात, आमच्या भट्टीवर असे दोन दांडे झाले आणि त्यांच्यासाठी भाता मी ओढला.

आमची भट्टी बैलगाडीच्या चाकांची. चाकावर लोखंडी धाव बसवावी तर माझ्या सासऱ्यांनी. त्यांनी बसवलेली धाव सैल झाली असं कुणी सांगत आलेलं मी कधी पाहिलं नाही. आमचे हे मात्र नगरला एका मोटारीच्या कारखान्यात उस्तादाच्या हाताखाली काम शिकून आलेले. त्यांना मोटारीचंच काम करायचं होतं. धावा मारताना ते दिवसभर तोंडातून शब्द काढत नसत. आणि एखादा वाटसरू बंद पडलेली मोटार ढकलत आणी, तेव्हा हे घरात येऊन मला उगाच विचारत, "जेवलीस का?" मला तेवढ्यावरून त्यांचा आनंद कळायचा.

गावातल्या एका बागायतदारांनी जुनी मोटार घेतली होती. ती एकदा पाटाच्या चारीत गेली. डावा दांडा मोडला, उजवा वाकला. लढाईमुळं सुटे भाग विलायतेहून यायचे बंद झाले होते. पुण्यालाही मिळेनात. तेव्हा आमचे हे म्हणाले, "मी दोन्ही दांडे नवे घडवून देतो."

सासरे तंबाखू मळत बसले होते. म्हणाले, "घडव. मी बी हात लावतो. पन एक ऐक. मोटार सरळ पळाली तर ह्या भट्टीवर खुशाल मोटारी घे. न्हाई पळाली तर पुन्यांदा मोटारीचं नाव काडायचं न्हाई. गप चाकं करायची."

ह्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून मलाच जेवण गोड लागेना.

ह्यांनी मोटारीखाली शिरून मापं घेतली. सासऱ्यांना कागदावरचं माप चालत नसे, म्हणून मापाच्या दोन काठ्या तोडून त्यांच्या हातात दिल्या. जाड लोखंडाच्या दोन कांबी ह्यांनी कुठूनशा मिळवल्या होत्या. मी भाता ओढला, ह्यांनी घण मारला, सासऱ्यांनी सांडशीत कांब धरून टोकं घडवली. दांडे देखणे झाले. सासूबाई म्हणाल्या, "जनू मुसळंच!"

मोटारीला दांडे बसले. बागायतदार स्वतः चालवायला बसले आणि मोटार आमच्या दारातून निघाली ती थेट डावीकडं, शेजारच्या गोठ्याच्या रोखानं. त्यांनी स्टिअरिंग पिळून कशीबशी रस्त्यावर आणली. वेशीपर्यंत जाऊन परत आले तर हातांचे दंड भरून आलेले.

"मिस्त्री," ते उतरून म्हणाले, "डाव्या अंगाला लई वढाळ बैल जुपलाय तुमी. त्याला जरा कमी खायला घाला!"

जमलेली माणसं हसली. आमचे हेही हसले, पण कान लाल झाले होते. बागायतदार वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "बाजारच्या दिवसापतूर बघा. न्हाई जमलं तर माझी मी बैलगाडीला बांधून नेतो."

ह्यांनी दांडे पुन्हा सोडवले आणि मोटारीखाली शिरले. मापं घेत, बाहेर येत, पुन्हा शिरत. स्वतःशीच म्हणत, "माझंच माप चुकलं." वडिलांच्या हातचं काम तपासून बघावं हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. आमच्या घरात कुणाच्याच आलं नसतं.

दांडे अंगणात पडले होते. मी झाडत होते, म्हणून ते उचलून भिंतीला लावायला गेले. मापाच्या काठ्या तिथंच होत्या. सहज एक काठी एका दांड्याशेजारी लागली आणि मला दिसलं, दांडा तोकडा आहे. दोन सूत तरी. दुसऱ्याला, डाव्या अंगाच्या दांड्याला, काठी लावली, तर तो त्याहून तोकडा.

माझ्या लगेच ध्यानात आलं. धाव करताना सासरे ती चाकाच्या घेरापेक्षा तोकडीच ठेवत. लालभडक तापली की ती वाढते, चाकावर चढते, पाणी मारलं की आवळून बसते. किती तोकडी, ते लोखंड बघून त्यांचा हातच ठरवी. दांड्यांवर खडूची खूण करताना त्यांचा हात काठीच्या आत सरकला होता. मी भात्याजवळून पाहिलं होतं, पण तो हात नेहमी तसाच सरके, म्हणून वेगळं काही वाटलं नव्हतं.

आता सांगायचं कुणाला? ह्यांना सांगितलं तर बापलेकांत शब्द वाढणार. सासूबाईंना सांगितलं तर आधी गावाला कळणार. सासऱ्यांशी तर मी तोवर समोरासमोर एक वाक्य बोललेले नव्हते. पाणी हवं का हेही सासूबाईंच्या तोंडून विचारायची. मी काठी आणि दांडा घेऊन ओट्याजवळ गेले, पदर पुढं ओढला आणि दोन्ही त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवलं.

"मामा," मी म्हणाले, "ह्यो बी धावंसारखाच तोकडा ठिवायचा असतो का?"

त्यांनी दांड्याकडं पाहिलं. काठीच्या टोकावरून अंगठा फिरवला. मला वाटलं आता आवाज चढणार. तर ते मोठ्यांदा हसायलाच लागले. इतके, की सासूबाई हातात पीठ घेऊन बाहेर आल्या.

"आरं तिच्या! सारा जल्म धावा केल्या, हाताला खोडच लागली की!" आणि मोटारीकडं तोंड करून ओरडले, "अय मिस्त्री! भाईर ये. तुजं माप बराबर हाय. माजा हात चुकला!"

आमचे हे मोटारीखालून अर्धे बाहेर आले आणि तसेच पडून राहिले. वडिलांनी त्यांना मिस्त्री म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. बहुतेक त्यांनीही.

"तापवून वाढवू," सासरे म्हणाले.

"वाढवलं की तिथं बारीक हुईल. खड्ड्यात मोडंल," हे म्हणाले. "आन् गाडीचा सांगाडा बी चारीत पडून जरा हललाय, दादा. काठीएवढा केला तरी सरळ पळंलच असं न्हाई. बसवल्याबिगर नक्की माप कळायचं न्हाई."

"मंग बसवल्यावर कमीजास्त करता यील आसाच कर की!" सासरे म्हणाले. "ठेसनावर दोन डब्यांच्या मधी ती साखळी न्हाई का? मधला इस्क्रू पिळला की डबं जवळ येत्यात, उलटा पिळला की लांब जात्यात. बघितली न्हाईस व्हय रं? मोटारवाला म्हनं!"

ह्यांनी बघितली होती. हजारदा बघितली असेल. ते ताडकन उठले.

दोन्ही दांड्यांचं पुढचं टोक कापलं. कापल्या जागी दांड्यावर स्क्रूसारखे आटे पाडायचे आणि पुढं लांब नटाचा, आसाला धरणारा एक चिमटा घडवून तो त्या आट्यांवर फिरवून बसवायचा. आसातली खीळ काढून चिमटा एक फेरा उलटा फिरवला की दांडा तेवढा वाढणार, सुलटा फिरवला की घटणार. मग मागून दुसरा नट आवळायचा, म्हणजे हलणार नाही. आटे पाडायचं हत्यार उस्तादांनी निघताना दिलं होतं. आटे पाडताना लोखंडाला तेल लागतं. घरात होतं ते करडईचं, तेही तळाशी. मी तांब्यात ओतून नेलं.

"कालवनाला टिपूस न्हाई, आन् लोखंडाला फोडनी!" सासूबाई म्हणाल्या. पण तेल सोडायला स्वतःच येऊन बसल्या आणि शेवटचा आटा पडेपर्यंत उठल्या नाहीत.

दांडे बसले. पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सुतळी धरायची, एका टोकाला ह्यांनी, दुसऱ्या टोकाला मी. मग तीच सुतळी दुसऱ्या अंगाला. कमी भरलं की चिमट्याला अर्धा फेरा. पुन्हा सुतळी. दोन्हीकडं सारखी आली तेव्हा ह्यांनी नट असा आवळला की पान्याचा वळ त्यांच्या तळव्यावर उठला.

बाजारच्या दिवशी बागायतदार आले. "बैल बदलला का?" म्हणाले.

"बसून बघा," सासरे म्हणाले आणि स्वतः पुढं त्यांच्याशेजारी बसले. सासूबाईंनाही बसायचं होतं, पण एकटीला भीती वाटत होती. त्यांनी माझा हात धरला आणि मला मागं ओढून घेतलं. आमचे हे मोटारीच्या बाहेरच्या पायरीवर उभे राहिले.

स्टेशनाच्या वाटेला सरळ रस्ता लागतो. तिथं बागायतदारांनी आधी एक हात सोडला. मग दुसरा.

"आवं, धरा! धरा की!" सासूबाई किंचाळल्या.

"कशापायी? हिला कळतंय कुटं जायचं ते," ते म्हणाले, आणि हाताची घडी घालून बसले. मोटार सुतासारखी चालली होती. आमच्या ह्यांनी टपावर अशी थाप मारली की वरची धूळ काचेवरून ओघळली.

सासऱ्यांनी मात्र मोटार थांबवायला लावली. उतरून मागं चालत गेले. रस्त्यात बोटभर फुफाटा होता. ते खाली बसून चाकोरी बघत राहिले. पुढच्या चाकाच्या खुणेवर मागच्या चाकाची खूण अशी नेमकी पडली होती की दोन्ही अंगांना एकेकच रेघ दिसत होती. ते उठले, धोतर झटकलं आणि बागायतदारांना म्हणाले, "आमच्या मिस्त्रीकडं मोटारी धाडा. भट्टी चालू हाय म्हनावं."

मग माझ्याकडं वळून, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "सूनबाई, उतर. तू बी बघ."

मी उतरले. खाली वाकून दोन्ही रेघा पाहिल्या. पदर डोक्यावरून घसरला होता, तो सावरायचं मला सुचलंच नाही. दोन्ही रेघा आमच्या घराच्या दिशेनं, नजर पोचेल तिथपर्यंत सरळ गेल्या होत्या.