बिननावाचा वीर

सिद्धगडाच्या पायथ्याला, गावाच्या कडेला आमची वाडी. वाडीत कोणाकडंच स्वतःची जमीन नव्हती. दुसऱ्यांच्या भाताची कापणी संपली की मजुरी थांबे आणि घरात दाणा उरत नसे. मग बा आणि वाडीतले गडी दगड उचलायच्या कामाला बाहेर पडत, आणि आई आम्हा भावंडांना रानातला कडूकंद उकडून देई. तो ओढ्याच्या पाण्यात नीट मुरला नाही तर घसा जळायचा. तरी आम्ही खायचो.

मुरबाडला शाळा करून मी मुंबईच्या कॉलेजात गेलो. शेवटच्या वर्षाला होतो, तेव्हा तिथं समुद्राकाठी नव्या तऱ्हेचं एक शिल्प उभं करायचं निघालं. काठाच्या भिंतीवर यंत्र जाईना, म्हणून मुकादमानं दोर-वाशांनी दगड उठवणारी आमच्या वाडीची माणसं आणली. त्यांत बा होता.

एका दुपारी मी त्याला भेटायला गेलो, तर काम बंद. दोन पुरुष उंचीचा काळा दगड टेकूंवर अर्धा उठलेला. डोकं नाही, हात नाहीत. पोटात आरपार भोक, त्यातून पलीकडचं पाणी हलताना दिसत होतं.

आमच्याकडं उभा दगड म्हणजे वीर. वाघानं नेलेल्या, पुरात गेलेल्या माणसाचा. उठवताना त्याचं नाव घ्यायचं. नाव न घेता उठवला, तर वर्षाच्या आत तो उठवणाऱ्यांतलाच एक नेतो. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा बानं शिल्पकाराला विचारलं होतं, "साहेब, ह्यो कोनाचा?" तो हसून म्हणाला होता, "कोणाचाच नाही. नुसता आकार आहे." तेव्हापासून कोणी दोराला हात लावेना.

मुकादम माझ्याकडं वळला. "तू शिकलेला ना? मग सांग यांना."

मी सांगितलं, ही कला आहे, वीर नाही.

"मंग धर की दोर," बाचा जोडीदार म्हणाला. "कॉलेजातल्याला दगड नेत नसंल."

माझे हात पुढं झाले नाहीत. मलाही त्या भोकाची भीती वाटली. खोटं कशाला लिहू.

बानं माझ्याकडं पाहिलं, दगडावर तळवा टेकला आणि स्वतःचं नाव घेतलं. तीनदा, मोठ्यानं. मग गड्यांनी दोर ओढले आणि दगड उभा राहिला.

"बा, हे काय केलंस?"

"कोनाचं तरी घ्याया लागनारच व्हतं. ही सगली लेकुरवाली मानसं. माझा पोर शिकला, माझं झालं."

मी म्हणालो, घरी येतो, वर्षभर तुझ्याजवळ राहतो.

"येऊन काय करशील? दगडाला हटकशील? परीक्षा दे. मधीच आलास तर मी फुकट मेलो रे."

काम संपवून बा वाडीला परतला. मी समुद्राकडच्या रस्त्यानं जाणं सोडलं. वसतिगृहात पोस्टमन दिसला की मी वाट बदलत असे. आई लिहू शकत नव्हती. तिचा निरोप गावचे गुरुजी कार्डावर लिहीत, आणि ते कार्ड मी कितीतरी वेळ पालथंच धरून बसे. परीक्षेच्या तोंडावर एकात होतं, बाला ताप आहे, उतरत नाही. मी ट्रंक भरली, एसटीच्या रांगेत उभा राहिलो, आणि बाचे शब्द आठवून परत फिरलो. पहिल्या पेपराला बसलो तेव्हा बाप आहे की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. तरी लिहीत गेलो.

ताप उतरल्याचं कार्ड पेपर संपल्यावर आलं. बा गेला नाही, त्या वर्षी नाही आणि पुढंही बरीच वर्षं नाही. मी बी.ए. झालो. आमच्या वाडीतला पहिला पदवीधर मी.