कंसातलं गाव

नव्या हंगामाची यादी आली त्या दुपारी मी वांग्यांचं पोतं अदिलाबादच्या बसच्या टपावर चढवून परत फिरलो, तर हाटेलासमोर एवढी माणसं उभी की मला वाटलं कोणी गेलं. जवळ गेलो तेव्हा कळलं, पेशीचा कागद आला. आमच्याकडे फुटबॉल मॅचच्या तारखेला पेशी म्हणतात. जुन्या लोकांनी कोर्टातून उचललेला शब्द आहे आणि तो चुकीचा नाही. आमच्या क्लबाची मॅच मैदानात सुरू होते आणि ठाण्यात संपते.

आधी गावांचं सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. आमची दोन गावं आहेत, मधे नाला, आणि दोघांचं नाव एकच. आमचं खुर्द, पलीकडचं बुजुर्ग. निजामाच्या काळात कोण्या कारकुनानं हे शब्द लावले. बुजुर्ग म्हणजे मोठं, खुर्द म्हणजे बारकं. मी तिसरीपर्यंत शिकलो, पण हा एक शब्द मला शिकवावा लागला नाही. शेताच्या पहाणीच्या उताऱ्यावर, रेशन कार्डावर, बसच्या पाटीवर, सगळीकडे गावाच्या नावापुढे कंस आणि कंसात अक्षर. इंग्रजीत आम्ही के, ते बी. सत्तर वर्षं झाली, माझ्या कपाळावर कोणीतरी बारकं असं लिहून ठेवलंय असं मला वाटत आलं. मी या क्लबाकडून अनवाणी खेळलो. माझ्या नडग्यांवर बुजुर्गच्या चार माणसांच्या खुणा आहेत. त्यांच्या नडग्यांवर माझ्या जास्त आहेत.

आणि माझी एकुलती एक लेक मी बुजुर्गलाच दिली. तिचा सासरा, म्हणजे माझा इवाई, त्यांच्या क्लबाचा मुख्य माणूस. मागच्या हंगामात शेवटच्या मॅचला भांडण पेटलं, तेव्हा त्यानं भर मैदानात मला हाक मारली, "ए बारक्या!" मी बाजूला उभ्या असलेल्या बैलगाडीची उभारी उपटली. गाडीच्या कडेला लाकडाचा दांडका उभा ठोकलेला असतो, ती उभारी. ती मी त्याच्या उजव्या कोपरावर घातली. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज आला. त्याचा हात अजून सरळ होत नाही. मी माफी मागितली नाही. लेक आठ महिने माहेरी आली नाही.

शेवटी ठाण्यात बैठक झाली. ठरलं असं, की या हंगामाची पहिली मॅच बुजुर्गच्या मैदानावर, दुसरी आमच्या. पहिल्या मॅचनंतर सगळ्यांसमोर मी आणि इवाई हात मिळवणार, आणि त्याच पावली लेक पोळ्यासाठी माझ्यासंगं घरी येणार. इवाई म्हणाला, "पन तुमच्याकडून एक जरी दगड उठला, तर पोरीनं माहेर इसरावं." मी मान हलवली. दोन्ही क्लबांच्या सह्या झाल्या. आमच्या बाजूनं माझी.

तर यादी आली. फोन शिंप्याच्या हातात होता. आमच्यात इंग्रजी वाचणारा तो एकटा, आणि तीस वर्षं मैदानाच्या कडेला माझ्या खांद्याला खांदा लावून तोच ओरडत आला. तो वाचू लागला तशी लोकांची कुरकुर सुरू झाली.

"उटनूर कधी दिलं?"

"सोयाबीनच्या कापनीत."

"मुद्दाम देते हे लोक! अन् भीमपूर?"

"बाजाराच्या दिवशी."

"घ्या! म्हंजे बायको बी मारते अन् भीमपूरवाले बी."

मला फक्त एकच ऐकायचं होतं. मी म्हटलं, "बुजुर्ग सांग."

शिंप्यानं फोन डोळ्याजवळ नेला, मग लांब धरला. "पहिली पेशी तीच आहे. पोळ्याच्या खांदशेकनीच्या आदल्या दिवशी. कोनासंगं... गावासंगं."

"कोनत्या गावासंगं?"

"आपल्या."

"अन् आपन कोन?"

"आपन बी आपनच. गाव विरुद्ध गाव. मैदान, गाव." तो हसायला लागला. "कंसच नाही ना बाप्पा! दोन्हीकडचा कंस गायब आहे."

"किस्नानं मारला असंल," हाटेलवाला म्हणाला.

सगळे हसले. मग कोणीतरी म्हणालं, "नुसतं गाव म्हंजे कोन? आपनच की. मॅच आपल्याकडं!" बास. डफडं आलं, फटाक्याची माळ लागली. एकानं खडू घेऊन हाटेलाच्या फळीवर गावाचं नाव मोठ्या अक्षरांत काढलं, पुढं काही नाही. मी ते नाव वाचलं. पुढं कंस नसलेलं माझ्या गावाचं नाव मी पहिल्यांदा पाहत होतो. माझी छाती भरून आली, हे खोटं कशाला सांगू.

मला ठाऊक होतं की पहिली मॅच बुजुर्गला ठरली आहे. सही माझी होती. त्या घोळक्यात हे सांगू शकणारा मीच होतो. मी बोललो नाही. डोक्याचा पटका काढून मी हवेत उडवला.

तेवढ्यात नाल्याच्या पलीकडूनही डफड्याचा आवाज आला.

"ते काऊन वाजवून राह्यले?" हाटेलवाल्यानं विचारलं.

शिंप्याला आधी कळलं. त्यांनाही तोच कागद आला होता. त्यांनीही नुसतं गाव म्हणजे आपणच, असं वाचलं होतं. आणि त्यांना तर ते कागदाशिवायही तसंच वाटतं, कारण ते थोरले.

पाच मिनिटांत आम्ही साठ-सत्तर माणसं नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे पाणी वरून जातं त्या ठेंगण्या पुलावर होतो. पलीकडून तेवढेच आले. मधे गुडघाभर गढूळ पाणी.

"कंस लावा रे कंस!" तिकडून ओरडले. "बारक्याहो, कंसात बसा!"

"तुमीच बसा! थोरले म्हने! गोल करता येत नाही थोरल्यायले!"

"तुमच्या गावात सरपंच राह्यते का राखनदार?"

"तुमच्या क्लबाले हागायले बी आमचाच नाला लागते!"

पहिला दगड कोणी मारला हे दोन्ही गावं आजही वेगवेगळं सांगतात. माझ्या डोळ्यांनी मी पाहिला. तो आमच्याकडून गेला. तिकडच्या एका जाड्या माणसाच्या तोंडावर बसला आणि तो दात थुंकत खाली बसला. मग रपट्यावर माणूस ओळखू येईना. सायकलची चेन फिरत होती, फवारणीच्या पंपाची नळी फिरत होती. आमचा गोलकीपर पाण्यात पालथा पडला आणि त्याच्या पाठीवर दोघं उभे राहिले. मी एकाला केसांनी धरून ओढून काढलं तर केस माझ्या मुठीत राहिले. माझ्या कानशिलावर कशानं तरी लागलं, कानात शिट्टी वाजायला लागली, आणि ती शिट्टी मला गोड लागली. हेही लिहून ठेवतो. त्या घडीला मी म्हातारा नव्हतो.

उभारी हातात कधी आली मला आठवत नाही. समोर इवाई उभा होता. त्याच्या हातात काही नव्हतं. वाकडा हात पोटाशी, दुसरा मोकळा. तो मोकळा हात त्यानं पुढे केला.

"मारा इवाई," तो म्हणाला. "हा दुसरा बाकी आहे."

मी मारली. शरम वाटते म्हणून लपवणार नाही, मी मारली. पण मधे जवाई आला. बापाला ढकलून तो पुढे झाला आणि उभारीचं टोक त्याच्या भुवईवर बसलं. भुवई फाटली, पांढरं हाड दिसलं, मग रक्तानं डोळा भरला. तो पडला नाही. तो मला म्हणाला, "मामाजी, घरी जा आता." एवढंच. तिकडून धावत आलेल्या बायकांनी त्याला नेलं. त्यात माझी लेक होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पदर काढून तिनं त्याच्या डोळ्यावर दाबला आणि चालू लागली.

ठाण्याची जीप आली तेव्हा रपटा रिकामा होता. पाण्यात चपला तरंगत होत्या.

दुसऱ्या दिवशी यादी करणाऱ्या साहेबांचा फोन आला. शिंप्यानं फोनचा आवाज मोठा करून ठेवला. साहेब म्हणाले, टाइप करणाऱ्याकडून कंस राहिला, पहिली मॅच बी-च्या मैदानावर आहे. "बताओ, आप लोग के हो या बी?"

सगळे शिंप्याकडे बघू लागले. शेवटी शिंपी म्हणाला, "साब, हम गाव है."

"वो भी यही बोल रहे हैं!" साहेब ओरडले. मग त्यांनी सांगितलं, परवापर्यंत दोघांपैकी एका क्लबानं येऊन आपलं अक्षर सहीनं लिहून द्यावं. एकानं लिहिलं की दुसरं आपोआप ठरलं. कोणी आलं नाही तर दोन्ही नावं यादीतून बाद.

"बाद तर बाद," हाटेलवाला म्हणाला. "पन आपल्या हातानं बारकं लिहून द्याचं नाही. जो जाईल त्याच्या तोंडाले काळं."

सगळ्यांनी हो म्हटलं. मीही म्हटलं.

त्या संध्याकाळी बुजुर्गहून चिंध्या विकणारी म्हातारी आली. लेकीचा निरोप तिच्या तोंडी होता. जवाईच्या भुवईला टाके पडले, डोळा वाचला. सासरा म्हणतो, रपट्यावरचा दगड मॅचमधला धरत नाही; ठरल्याप्रमाणं पहिली मॅच इकडे झाली आणि हात मिळवला तर तो अजूनही आपल्या शब्दावर आहे. मॅचच झाली नाही तर शब्दही नाही. आणि लेकीनं आपल्याकडून एक ओळ जोडली होती. म्हातारीनं ती जशीच्या तशी सांगितली, "बाबाले म्हना, तुमाले गाव मोठं पायजे का मी."

मला राग आला. माझ्या घरात असं मला कोणी विचारत नाही. मी भाकरी खाल्ली नाही. बायको हयात नाही, नाही तर तिनं चार शब्द सुनावले असते.

सकाळी मी तामसीवरून अदिलाबादला जाणारी बस धरली. पोत्याशिवाय. कंडक्टरनं विचारलं, "आज भाजी नाही, काका?" मी म्हटलं, "आज मीच आहे."

साहेबांचं ऑफिस एका सायकल दुकानाच्या माडीवर होतं. त्यांनी कागद पुढे केला. "के लिखो, नीचे साइन." मला इंग्रजी अक्षर काढता येत नाही. मी मराठीत लिहिलं. आमच्या गावाचं नाव, मग कंस उघडला, मग खुर्द. खु काढताना हात थांबला. उकार मोठा द्यायचा की लहान, तेच आठवेना. साहेब घड्याळाकडे पाहत होते. मी लहान दिला आणि कंस बंद केला.

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती. बसमधून उतरलो तर हाटेलासमोर तेच लोक. काळं कोणी आणलं नव्हतं. शिंपी पुढे आला. त्याच्या हातात कापड मोजायचा लाकडी गज होता.

"लिहून आलास?"

"आलो."

"बारकं म्हनून?"

"जे आहे ते."

त्यानं गज माझ्या खांद्यावर घातला. एकदा, मग त्याच जागी पुन्हा. हात बधिर झाला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मी डोकं त्याच्या नाकावर दिलं. नाक फुटलं. मग इतर लोक आले आणि मी खाली होतो. लाथा कोणाच्या ते मी चपलांवरून ओळखत होतो, आणि जवळपास सगळ्या चपला ओळखीच्या होत्या. हाटेलवाल्यानं शेवटी माझ्यावर भांड्याचं पाणी ओतलं आणि म्हणाला, "पुरे करा, मरंल तो." मग त्यानंच मला उठवून बाकावर बसवलं आणि चहा दिला. मी तो प्यायलो नाही. पायाशी ओतला.

मॅच बुजुर्गच्या मैदानावर झाली. आम्ही हरलो. कसे हरलो ते लिहिणार नाही. आमच्या लोकांत मी वेगळा उभा होतो, माझ्या आजूबाजूला दोन-दोन हात जागा मोकळी. एकही दगड उठला नाही. शिंपी सुजलेल्या नाकानं ओरडत होता, मीही ओरडत होतो, एकाच क्लबासाठी, एकमेकांकडे न बघता.

शिट्टी झाल्यावर इवाई मैदानाच्या मधे आला. उजवा हात सरळ होत नाही म्हणून त्यानं डावा पुढे केला. मी उजवाच धरला, वाकडा होता तसा. तो दुखला असणार. त्याचं तोंड तसं झालं, पण त्यानं काढून घेतला नाही. माझाही खांदा पेटला होता, मीही हात सोडला नाही. जवाई कडेला उभा होता, भुवईवर काळी शिवण. त्यानं लेकीची पिशवी माझ्या हातात दिली.

रपटा ओलांडेपर्यंत लेक माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिली.

दुसऱ्या दिवशी खांदशेकणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं शेकायचे, हे आमच्या घरात तिचं काम. पळसाचं पान बुडवून ती बैलाच्या खांद्यावर फिरवत होती आणि म्हणत होती, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी दावणीला हात लावून बघत होतो. सदरा खांद्यावरून सरकला असणार, कारण ती थांबली. निळं-काळं झालेलं तिनं पाहिलं. वाटी घेऊन माझ्याकडे आली, सदरा खाली ओढला आणि उरलेली हळद तिथं दाबली. जोरात दाबली.

"हे आमच्याकडच्यायनं केलं का, रपट्यावर?"

"नाही. आपल्यायनं."

तिचा हात थांबला. "आपले म्हंजे कोनते, बाबा?"

"कंसातले," मी म्हटलं.