चौथा पाइप

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने शिडीवर चढू नये, हे मला डॉक्टर, बायको आणि शेजारी या सगळ्यांनी सांगून झालं आहे. तरी मी चढतो. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पाणी उताराकडे वाहतं हे दोन पिढ्यांच्या डोक्यात भरवलं. मग माझ्याच छपरावरचं पाणी मला ऐकणार नाही?

यंदा प्रश्न घराचा होता. गेल्या हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडच्या पावसाळ्यात, पन्हळ तुंबून पाणी मागच्या खोलीत उतरलं. मुलगी लियान बॅलरॅटहून आली, भिजलेला गालिचा बघितला आणि म्हणाली, "बाबा, पुन्हा पाणी आत आलं ना, तर हे घर विकायचं आणि माझ्याजवळ फ्लॅट घ्यायचा. वचन दे." दिलं.  

म्हणून अ‍ॅन्झॅक डेच्या, म्हणजे एप्रिलअखेरच्या सुट्टीच्या, दुसऱ्या दिवशी शिडी लावली. माझी बायको ग्लेनिस खालून धरून उभी. ओकची पानं, निलगिरीची सालं, काळा चिखल, अशा अकरा बादल्या उपसल्या. पन्हळ आरशासारखी लख्ख केली.

"पन्हळीतून खाली उतरणाऱ्या पाइपांची तोंडं बघितलीस का?" ग्लेनिसने विचारलं.

"मला भूगोल शिकवू नकोस."

आमचा कुत्रा टली चौथ्या पाइपाखाली बसून वर बघत भुंकत होता. फेब्रुवारीपासून त्याचा हाच उद्योग.

"पाइपात पोसम आहे," मी निदान केलं. रात्री छपरांवर नाचणारा हा मांजराएवढा प्राणी इथे घरोघरी.

"एवढ्याशा पाइपात?"

"पिल्लू असेल."

मेच्या पहिल्या रविवारी लियान जेवायला आली आणि अनेक आठवडे न फिरकलेला पाऊसही आला. मी भाजलेलं मटण सोडून मायलेकींना खिडकीशी नेलं. "बघा! थेंब तरी आत येतोय?" तीन पाइप पावसाच्या पाण्याच्या टाकीत धो धो ओतत होते. चौथ्या कोपऱ्यात पन्हळ काठोकाठ भरली, वाहिली, आणि पाणी मागच्या दाराकडे निघालं.

लियान भर पावसात शिडीवर चढली. पाइपाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला आणि एक हिरवा, केसाळ टेनिसचा चेंडू बाहेर काढला. खाली टली आनंदाने वेडा झाला.

तेव्हा आठवलं. फेब्रुवारीत, ऐन उन्हाळ्यात, वणव्याचा इशारा आला, तेव्हा आमच्या टेकडीवरच्या सगळ्यांनी पाइपांना चेंडूंची बुचं मारून पन्हळी पाण्याने भरल्या होत्या, ठिणगी पडली तर विझावी म्हणून. मीही चार चेंडू कोंबले होते. धोका टळल्यावर काढले तीन. चौथा टलीचा होता. तो फेब्रुवारीपासून ओरडून सांगत होता आणि मी ते पोसमचं पिल्लू समजत होतो.

पाणी उंबऱ्यावर येऊन थांबलं होतं. "उंबरा म्हणजे आत नाही," मी म्हणालो. पडलो तरी नाक वर.

लियान हसली, मग हसायची थांबली. "घर ठेव, बाबा. शिडी मी नेते. दर एप्रिलला मीच येईन."

तिने शिडी गाडीच्या टपावर बांधली. मी दोरीचं टोक धरलं होतं. फार वाईट वाटलं मला. घर विकलं असतं तरी इतकं वाटलं नसतं, असं मी ग्लेनिसला म्हणालोसुद्धा.

ती खुर्चीत मटकन बसली.  "एकतीस वर्षं मी शिडीखाली उभी आहे," ती म्हणाली. "तू पडलास तर कुठल्या बाजूला सरकायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही."