रंग न लावलेली जागा
दसऱ्याच्या आधी ऑइलपेंटचा वास आला, की मला पारशिवनीजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेतला छोटा, जुना ट्रॅक्टर आठवतो. त्या वर्षी पूजेसाठी मी तो हौसेनं लाल रंगवला, बॅटरीच्या वायरी सोडवून, एकही जागा न सोडता. दसरा झाल्यावर फवारणीला निघालो, तर किल्ली फिरवली की नुसतं टक् व्हायचं. लाइट चालू ठेवून यानंच बॅटरी उतरवली, असं म्हणत मी आमच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला मजुरांसमोर नको ते बोललो आणि नागपूरहून नवी बॅटरी आणली. तरी तेच. मग त्यानं अर्थिंगची वायर चेसिसवरून काढली, तिच्याखालचा माझा लाल रंग ब्लेडनं खरवडला, लोखंड चमकल्यावर बोल्ट पुन्हा आवळला आणि म्हणाला, "मारा आता सेल्फ." ट्रॅक्टर लगेच सुरू झाला; करंट माझ्या रंगानंच अडवला होता. "हे आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं. "तुम्ही मले इचारलं कुठं, भाऊ? तुम्ही तर सांगूनच राहिले होते." आता तो नाही. यंदाही रंगवताना बोल्टाखालची तेवढी जागा मी कोरी ठेवली. त्याची माफी मागायची मात्र राहूनच गेली.